अडतीस शेजाऱ्यांची नोंद

दाखलेबाईंना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. नगरपालिकेतली चार नंबरची खिडकी त्यांची. गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं, की नोंद त्या खिडकीत व्हायची आणि दाखलाही तिथूनच मिळायचा. सव्वीस वर्षं त्या तिथे बसल्या. मधे खुर्ची तीनदा बदलली, खिडकीची काच दोनदा फुटली, बाई जागच्या हलल्या नाहीत.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहतो. पुढे सांगतोय त्यातलं बरंचसं मी भिंतीपलीकडून ऐकलंय आणि उरलेलं त्यांच्या सासूबाईंनी मला स्वतःहून सांगितलंय, काही भाग दोनदोनदा.

बाईंचा एकच हट्ट होता. अर्जातला रकाना रिकामा सोडायचा नाही. मेलेल्याच्या घरचं माणूस आलं की त्या आधी स्टूल पुढे सरकवायच्या, पाणी द्यायच्या आणि मग विचारायच्या, "सावकाश सांगा. काय झालं होतं?" समोरचा रडत असला तर थांबायच्या. पण वय विचारल्यावर कोणी "असतील साठ-पासष्ट" म्हटलं की त्या पेन खाली ठेवायच्या. "साठ की पासष्ट?" एकजण असाच चिडून घरी गेला, वडिलांची पेटी उपसली आणि तासाभराने परत येऊन ओशाळून म्हणाला, "एकाहत्तर." अगदीच काही कळत नसेल तर त्या "माहीत नाही" असं लिहायच्या, वळणदार अक्षरात, पूर्ण. त्यांच्या मते तेही उत्तरच होतं, फक्त ते लिहायला हवं.

घरी तीन माणसं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो स्वभावाने इतका थंड की गिऱ्हाईक काच फोडून आलं तरी "बसा" म्हणायचा. सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. घर त्यांच्या नावावर आणि दुखणारे गुडघेही त्यांचेच, असं त्या म्हणायच्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आहे, म्हणून ती लाँड्रीची गल्ली. घरांच्या मागून एक अरुंद बोळ जातो, त्यात सगळ्यांची स्वयंपाकघरं उघडतात. त्या बोळात मैलापाण्याचा नवा पाइप टाकायचं ठरलं. मंगळवारी सकाळी साडेदहाला खोदायच्या मशीनने मातीबरोबर एक कवटी वर आणली. चालकाने मशीन बंद केलं, खाली उतरला आणि सगळ्यात आधी लाँड्रीत जाऊन साबणाने हात धुतले.

पोलीस आले. गल्लीतलं कोणी बेपत्ता आहे का, असं त्यांनी घरोघर विचारलं. जो तो आपापली माणसं मोजू लागला. लाँड्रीवाल्याने जरा विचार करून आपल्या मेव्हण्याचं नाव दिलं, पण दुपारी जेवायच्या वेळी तो हजर झाला.

संध्याकाळपर्यंत चार सांगाडे दिसले. मग मोठ्या शहरातल्या संग्रहालयातून एक संशोधक बाई आल्या, दाढी करायच्या ब्रशासारखे ब्रश घेऊन. गावाने त्यांचं नाव लगेच पाडलं, हाडांच्या बाई. नऊ दिवस त्या चरात पोटावर झोपून माती झटकत होत्या. दहाव्या दिवशी उठल्या, कंबर सरळ केली आणि म्हणाल्या, अडतीस आहेत. तेवीसशे वर्षं तरी झाली असतील. सगळे उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, एक तळहात गालाखाली, उशाशी एकेक मडकं.

गल्ली बघायला गोळा झाली. वीस-बावीस वर्षं आपण ज्या बोळात भांडी घासतो, तिथे खाली कोणी कुशीवर झोपलंय, हे पचायला वेळ लागतो.

अडतिसावा मात्र अडचणीत होता. त्याचं डोकं नि खांदे बोळात होते, कंबरेपासून खालचा भाग दाखलेबाईंच्या स्वयंपाकघरात. हाडांच्या बाईंनी परवानगी मागितली. सासूबाईंनी पुष्कळ विचार करून जमिनीतल्या सहा फरश्या काढू दिल्या, पण शेगडी हलवू दिली नाही. त्यामुळे त्या घरात कितीतरी दिवस स्वयंपाक एका खड्ड्याच्या काठावर उभं राहून होत होता. खड्ड्यात दोन पाय, दुमडलेले.

"त्याच्यावर फळी टाकून ठेव गं," सासूबाई सुनेला सांगायच्या. "वाफ लागेल त्याला."

आता हे सगळे उचलून संग्रहालयात न्यायचे होते. हाडांच्या बाई मुख्याधिकारी साहेबांकडे गेल्या. साहेब नियमाने चालणारे. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. पालिकेच्या हद्दीत मानवी देह एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा तर आधी मृत्यूची नोंद हवी.

"साहेब, ते मेलेले आहेत हे दिसतंय," हाडांच्या बाई म्हणाल्या.

"मला दिसतंय हो. फायलीला दिसत नाही."

काम चार नंबरच्या खिडकीकडे आलं. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. दाखलेबाईंनी अडतीस कोरे अर्ज मोजून घेतले, घडीचं स्टूल काखेत मारलं आणि चरात उतरल्या.

पहिल्याच देहापाशी त्यांनी स्टूल मांडलं. हाडांच्या बाई खाली मातीत बसल्या.

"नाव?"

"ते कसं कळणार, ताई?"

"माहीत नाही" असं बाईंनी लिहिलं. "स्त्री की पुरुष?"

"स्त्री. कंबरेच्या हाडावरून कळतं."

"वय?"

"तिसाच्या आसपास."

"तीस की आसपास?"

हाडांच्या बाईंनी भिंग काढून दात पुन्हा पाहिले. "एकतीस ते चौतीस."

"व्यवसाय?"

"गुडघ्यांवर बसून रोज काहीतरी दळायची. बोटांच्या सांध्यांवर आणि गुडघ्यांवर खुणा आहेत."

"मग घरकाम लिहू की दळण?"

हाडांच्या बाई थांबल्या. अठरा वर्षं त्या हाडं बघत होत्या, पण असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "दळण लिहा," त्या म्हणाल्या.

मृत्यूचं कारण, माहीत नाही. राहणार, याच गल्लीत. असं चार दिवस चाललं. एकाच्या मांडीचं हाड मोडून पुन्हा जुळलेलं होतं. हाडांच्या बाईंनी सांगितलं, म्हणजे निदान तीन महिने याला कोणीतरी बसल्या जागी खायला घातलं. वर स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "बायकोने घातलं असेल. आणि तीन महिने बोलणी खाल्ली असतील." हे अर्जात लिहायला रकाना नव्हता.

गाडं अडलं ते शेवटच्या पानावर. माहिती देणाऱ्याचं नाव, मृत व्यक्तीशी नातं, सही. साहेब म्हणाले, नातेवाईक शोधा. मग पालिकेच्या फळ्यावर नोटीस लागली की सदर अडतीस इसमांच्या वारसांनी पंधरा दिवसांत हजर व्हावं. दोघे आले. एकाला मडकी वाटणार आहेत असं वाटलं होतं. दुसऱ्याचं म्हणणं की आमचं घराणं या गावात अगदी पहिल्यापासून आहे, म्हणजे यातला कोणीतरी आमचाच. कोणता, असं बाईंनी विचारलं. तो चराच्या काठाने दोन फेऱ्या मारून आला आणि त्याने सगळ्यात उंच निवडला. सही करायची म्हटल्यावर मात्र त्याला काम आठवलं.

नेमकी तेव्हाच जनगणना आली. आमच्या गल्लीचं काम एका शाळामास्तरांकडे होतं. मास्तर फार काटेकोर. त्यांच्या सूचनापत्रात लिहिलं होतं, हद्दीत असलेली आणि मृत्यूची नोंद न झालेली प्रत्येक व्यक्ती मोजावी. त्यांनी चरात डोकावून पाहिलं, पत्र पुन्हा वाचलं आणि साहेबांना लेखी विचारलं. साहेबांचं लेखी उत्तर आलं, नियमाप्रमाणे करावे. मास्तरांनी नियमाप्रमाणे केलं. गल्लीची लोकसंख्या चारशे बहात्तर होती, ती पाचशे दहा झाली.

हे सगळ्यात आधी लाँड्रीवाल्याच्या लक्षात आलं. तो गल्ली समितीचा अध्यक्ष. अकरा वर्षं तो गल्लीसाठी दवाखाना मागत होता आणि अकरा वर्षं त्याला एकच उत्तर मिळत होतं, वस्ती पाचशे भरली की बघू. मंजुरी तयार होती. कपाट, खाट आणि पाटी पालिकेच्या गोदामात धूळ खात पडली होती. आकडा वर गेला आणि बारा दिवसांत गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या खोलीत दवाखाना उघडला. नर्सबाई आल्या. पहिल्या दिवशी गल्लीतल्या एकसष्ट माणसांनी रक्तदाब तपासून घेतला. सासूबाईंच्या गुडघ्याला मलम मिळालं आणि त्या आठ वर्षांत पहिल्यांदा लाँड्रीपर्यंत चालत जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला बाईंच्या घरी आला. इस्त्री केलेल्या चादरी त्याने स्वतः आणून दिल्या.

"वहिनी, त्या नोंदींची काही घाई आहे का?"

"का बरं?"

"नाही, म्हटलं, इतकी वर्षं थांबलेत. पुढच्या गणनेपर्यंत थांबायला त्यांची काय हरकत असणार? एकदा मेले म्हटलं की आपण पुन्हा चारशे बहात्तर."

बाईंनी चादरी मोजून घेतल्या आणि पैसे दिले. त्या दिवसापासून गल्ली त्यांच्याशी फार गोड वागू लागली. समोरची बाई त्यांच्या दाराशी झाडून जायची. मीही, खोटं कशाला बोला, त्यांना एक-दोनदा उगाचच तब्येत विचारली. माझाही रक्तदाब वर होता.

इकडे हाडांच्या बाईंची झोप उडाली होती. तेवीसशे वर्षं मातीखाली नीट राहिलेली हाडं वारा लागल्यावर भुसभुशीत व्हायला लागली होती. दळण करणारीची बोटं हात लावताच पावडर होऊन गेली. त्या चार नंबरच्या खिडकीशी आल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांना बोलताच येईना. दाखलेबाईंनी पाणी दिलं.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी घरात विषय काढला. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू आलं.

"आई, नियमात आहे. नातेवाईक नसतील तर घरमालक माहिती देऊ शकतो. निदान या एकाचं तरी तुम्ही..."

"मी नाही," सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं माझ्या शेगडीखाली आहे तो. कधी त्रास दिला नाही. आणि आता मी जाऊन सांगू की हा मेला?"

"आई, तो मेलेलाच आहे," नवरा म्हणाला.

"तू पाहिलंस मरताना?"

नवऱ्याने आमटी वाढून मागितली. मग तोच म्हणाला, "आई, दवाखाना जाईल म्हणून नाही म्हणतेस का?"

वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"गुडघा बरा आहे आता," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून थोडं वाटतं." मग सुनेला विचारलं, "तिची बोटं गेली म्हणतेस? त्या दळणवालीची?"

"हो. डाव्या हाताची सगळी."

"अंगावर पांघरूण नाही, काही नाही, उघड्यावर." सासूबाईंनी ताट सरकवल्याचा आवाज आला. "किती सह्या लागतील?"

"या एकाची एक."

"एकाचीच का? बाकीचे काय परके आहेत? गल्लीत माझ्याइतकी जुनी कोण आहे दुसरी?"

गुरुवारी सकाळी सासूबाई नवी साडी नेसून, मुलाने केलेला नवा चष्मा लावून चार नंबरच्या खिडकीशी जाऊन बसल्या. सून आतून, सासू बाहेरून. बाईंनी त्यांना घरची म्हणून सूट दिली नाही. प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचून दाखवला.

"मृत व्यक्तीशी नातं?"

"शेजारी."

"नोंदीला विलंब होण्याचं कारण?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "आम्हाला कळवलंच नाही कोणी."

बाईंनी तसंच लिहिलं. असं अडतीस वेळा. मागे रांगेत जन्माचा दाखला घ्यायला आलेले लोक खोळंबले होते, पण कोणी कुरकुर केली नाही. मधे जेवायची सुट्टी झाली. संध्याकाळी पाचला शेवटचा शिक्का पडला. सासूबाईंचा हात दुखत होता. लाँड्रीवाला दारात उभा होता. तो म्हणाला, "संपलं म्हणायचं," आणि लाँड्रीत जाऊन गिऱ्हाइकांवर खेकसत बसला.

पण संपलं नव्हतं. चार नंबरच्या खिडकीतल्या नोंदींचा तक्ता दर शुक्रवारी आपोआप वरच्या आरोग्य कार्यालयात जातो. वर तो वाचणाऱ्याने काय वाचलं? एकाच गल्लीत, एकाच दिवशी, अडतीस मृत्यू नोंदले. कारण, माहीत नाही.

शनिवारी सकाळी आठला दोन गाड्या आल्या. सात माणसं उतरली, तोंडाला मुखपट्ट्या, हातात मोजे. त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पिवळी पट्टी बांधली. आत कोणी यायचं नाही, बाहेर कोणी जायचं नाही. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. आरोग्य अधिकारी तरुण होता, हुशार होता आणि घाबरलेला होता. तो कागद बघत थेट दाखलेबाईंच्या दाराशी आला. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"आजी, अडतीस जणांची माहिती तुम्हीच दिलीत?"

"मीच."

"यांच्यापैकी कोणाशी तुमचा जवळून संबंध आला होता?"

"एकाचे पाय माझ्या स्वयंपाकघरात आहेत."

अधिकारी दोन पावलं मागे गेला. "अजून तिथेच?"

"सूनबाई न्या म्हणते. तुमच्या साहेबांचा कागद यायचाय."

"त्यांना ताप वगैरे होता?"

"ते नाही सांगता येणार. अंगात काही उरलेलंच नाही."

तेवढ्यात दाखलेबाई आतून हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी अधिकाऱ्याला बसायला खुर्ची दिली आणि सगळी हकिकत पहिल्यापासून, एकही तपशील न गाळता सांगितली. अधिकारी ऐकत राहिला. मग आत जाऊन त्याने फळी उचलून खड्डा पाहिला. बाहेर आला तेव्हा त्याने मुखपट्टी काढली होती.

"बाई, मृत्यूची तारीख तुम्ही अंदाजे तेवीसशे वर्षांपूर्वी अशी लिहिली आहे. पण तक्त्यात तारखेचा रकाना गेलाच नाही. नुसती संख्या गेली."

"तक्ता माझ्या हातात नाही," बाई म्हणाल्या.

"मी हे रद्द करायला बघतो." त्याने फोन केला. दहा मिनिटं नुसतं "हो, हो" म्हणत राहिला. मग आमच्या सगळ्यांच्या खिडक्यांकडे बघून, जरा अपराधी आवाजात म्हणाला, "एकदा जाहीर झालेली साथ रद्द करता येत नाही. बारा महिने त्याच कारणाने नवा मृत्यू झाला नाही, तर ती संपते. तोवर इथे दवाखाना चालू ठेवावा लागेल. डॉक्टरसकट."

पट्टीच्या पलीकडे लाँड्रीवाला उभा होता. तो हळूच गटाराच्या कठड्यावर बसला.

पुढच्या बुधवारी हाडं हलवली. अडतीस खोकी, त्यात कापूस, प्रत्येकावर नोंदणी क्रमांक, बाईंच्या अक्षरात. हाडांच्या बाईंनी दळणवालीचं खोकं स्वतः मांडीवर घेतलं. दवाखान्याचे नवे डॉक्टरही बाहेर येऊन उभे राहिले, कारण कागदोपत्री त्यांचे हे पहिले रुग्ण होते. सासूबाईंनी आपल्या पाहुण्याचं खोकं गाडीत चढताना पाहिलं, चालकाला "खड्डे चुकव रे" एवढं सांगितलं आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. मुलाने बाहेरून पाव आणले.

वर्षाच्या आतच गल्लीच्या दुसऱ्या घरातले म्हातारे गेले. लाँड्रीवाला पुन्हा खिडकीशी आला. या खेपेला चादरी नव्हत्या.

"वहिनी, कारणात 'माहीत नाही' लिहिलं तर साथ अजून वर्षभर चालेल."

"पण माहीत आहे ना," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं, हृदयविकार, वय चौऱ्याऐंशी.

बारा महिने झाले, साथ संपल्याचं पत्र आलं. दवाखाना बंद करा असं त्यात लिहिलं नव्हतं, आणि न लिहिलेलं करायची साहेबांना सवय नव्हती. त्याच टपालाने बाईंना दोन कागद आले. एकात संशोधनाला मदत केल्याबद्दल आभार, दुसऱ्यात वरच्या कार्यालयाची धावपळ केल्याबद्दल समज. दोन्हींना उत्तर द्यायचं होतं. बाईंनी दोन्हींना एकच लिहिलं, की नोंदी नियमाप्रमाणे झाल्या आहेत.

चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. आता त्या नवऱ्याच्या दुकानात बसतात. गिऱ्हाईक म्हणालं की थोडं धूसर दिसतं, तर विचारतात, "थोडं म्हणजे किती? जवळचं की लांबचं?" आणि समोरच्याने नीट सांगेपर्यंत नवऱ्याला काच घासू देत नाहीत.